मामाच्या वावराखालचा लाल पट्टा

हेलिकॉप्टर सोनाळ्याच्या शिवारावरून गेलं तेव्हा मामाला वाटलं, मंत्री आला. मग त्याच्या खाली लटकलेलं भलंमोठं कडं दिसलं आणि त्याने मला फोन केला, "तुमचे लोक आमच्या डोक्यावर हे रिंगण घेऊन काऊन फिरून राह्यले?" मी पुण्याच्या ऑफिसात बसून त्याच उड्डाणाच्या आकड्यांवरून जमिनीच्या पोटाचं चित्र काढते. कड्यातून खाली लहरी सोडायच्या, काय परत येतं ते मोजायचं, आणि खडक कुठे, चिकणमाती कुठे, पाणी कुठे ते ताडायचं. वीज सहज वाहू देणारा थर आम्ही लाल रंगवतो. आमच्या खारपाणपट्ट्यात गडद लाल म्हणजे बहुतेक खारं पाणीच.

मामाचं वावर डोंगराकडच्या गोड पाण्यात मोडतं, म्हणून तर तिथे संत्र्याची बाग आहे. चित्र पडद्यावर आलं आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. दक्षिणेकडून आलेला लाल पट्टा त्याच्या विहिरीच्या तळाखाली जाऊन पोचला होता. पाणी उतरलं म्हणून मामा त्याच आठवड्यात विहिरीच्या तळात उभं बोअर मारणार होता.

एक आशा होती. वावराला तारेचं कुंपण असलं, की तारच लहरी पकडते आणि चित्रात खोटा लाल उमटतो. असले खोटे लाल मी कितीतरी पुसलेत. लगेच फोन लावला, "मामा, वावराले कुंपण हाये ना?"

"हाव. नाही तं डुकरं, रोही काही ठेवतात का?"

इतकं हायसं वाटलं की चहाबरोबर मी दोन समोसे खाल्ले. तरी तार डोळ्यांनी पाहावी म्हणून सुटी टाकून निघाले, देव पाण्यात ठेवूनच.

धुऱ्यावर, वावराच्या बांधावर पोचले. कुंपण होतं, पण साड्यांचं. बांबूंना बांधलेल्या जुन्या साड्या, त्यात माझ्या आईचीही एक. फडफडीला डुकरं बिचकतात म्हणून आमच्याकडे सगळेच बांधतात. लहानपणापासून पाहिलेलं, आणि मी खुशाल तार धरून चालले होते. स्वतःचाच भयंकर राग आला. वेड्यासारखी बागेभोवती फिरले. लांब तार किंवा लोखंड कुठेच नाही. पाइप प्लास्टिकचे, मोटर सोलरची, विजेचे खांब पार रस्त्याला. लाल खरा होता.

"मामा, बोअर मारू नको. खाली खार हाये. भोक पाडलं का ते वर येते."

मामा हसला. विहिरीचं तांब्याभर पाणी माझ्यापुढे धरलं. "पिऊन पाय." गोड होतं. त्या गोडीनेच मला भरून आलं.

मी मोबाइलवर चित्र काढून त्याची विहीर दाखवली. मामा जन्मात कुणाचं ऐकत नाही, मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. त्याने चित्र दोन बोटांनी मोठं करून पाहिलं. बोअरवाल्याला फोन लावून "उद्या येऊ नको" म्हणाला, आणि मला दुसरा धक्का बसला.

मग झाडांकडे पाहत म्हणाला, "खाली गेलो तं खार, नाही गेलो तं विहीर कोरडी. आता संत्र्यानं काय प्यावं, तेवढं तुह्या चित्रात पाय."

मी चित्र पुन्हा मोठं केलं आणि त्याच्या वावराच्या आसपास लाल नसलेली जागा शोधू लागले.