वैद्याच्या डब्यातले अर्धे डोस

लांब पल्ल्याच्या ट्रकवाल्यांत त्याला नावाने कुणी हाक मारत नसे, सगळे वैद्य म्हणत. वैद्य कसला, आठवी नापास ड्रायव्हर! पण त्याच्या सीटमागे एक पत्र्याचा डबा असे आणि त्यात मलेरियाच्या गोळ्या. खाणीवर यंत्रांचे सुटे भाग पोचवायचे तर अकरा दिवस जायला, तेवढेच यायला, आणि निम्मी वाट जंगलातून. त्या वाटेवर ताप ठरलेला. ताप आला की ड्रायव्हर दवाखान्यातून तीन दिवसांच्या गोळ्या आणत, दीड दिवसात अंग गार पडलं की उरलेल्या गोळ्या वैद्याच्या डब्यात टाकत. चांगलं औषध वाया कशाला घालवायचं, पुढे कुणाला तरी लागेल. आज कुणी त्याला अडाणीपणा म्हणेल. तेव्हा सगळे त्याला माणुसकी म्हणत होते, आणि वैद्याची कॉलर ताठ होत होती.

कंपनीची सिस्टर मात्र कानीकपाळी ओरडत असे. "ताप येऊ नये म्हणून ही गोळी आहे. आठवड्याला एक. निघायच्या आधी सुरू करायची, परत आल्यावरही चार आठवडे घ्यायची. मच्छरदाणी लावा, अंगाला मलम लावा. तहान लागल्यावर विहीर खणू नका."

वैद्य मान डोलवून पाकीट खिशात घाली आणि बाहेर येऊन मिश्या पुसत म्हणे, "डोकं दुखायच्या आधीच कुणी बाम चोळतं का? ताप आला तर बघू. आपली विहीर डब्यात तयार आहे!"

आणि खरंच, बावीस वर्षांत त्याला सात वेळा ताप आला, सातही वेळा तो अर्ध्या गोळ्यांवर उठून बसला. एवढा पुरावा असल्यावर सिस्टरचं कोण ऐकतो?

त्या खेपेला त्याच्याबरोबर त्याचा मेहुणा होता. धाकट्या बहिणीचा नवरा. शहरात पाण्याचा टँकर चालवणारा, सरळ, थोडा भित्रा, आणि वैद्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ मानणारा. जंगल त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. सिस्टरने दिलेल्या गोळ्या तो नेमाने घेत होता. मग निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी तोंड वाकडं करून म्हणाला, "दादा, या गोळीने मळमळतं. भलभलती स्वप्नंही पडतात. स्टिअरिंगवर बसायची भीती वाटते. काय करू?"

"पाहुणे, मग बंद करा की!" वैद्य हसला. "धडधाकट माणूस औषध खातो आणि आजारी पडतो, हे कसलं शास्त्र? मी आहे ना."

मेहुण्याने गोळी बंद केली. जंगलात दोघे केबिनच्या काचा उघड्या टाकून झोपले, कारण उकाडा मरणाचा होता.

खाणीवर माल उतरला. परतीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, स्टिअरिंगवर बसलेल्या मेहुण्याने एकाएकी काच वर केली. बाहेर लाही लाही होत होती आणि हा कुडकुडत होता. दातांवर दात आपटत होते. वैद्याने ट्रक बाजूला घ्यायला लावला, स्वतः स्टिअरिंगवर बसला. त्याला मुळीच भीती वाटली नाही, उलट थोडं बरं वाटलं. आपलं ज्ञान दाखवायची वेळ आली होती ना! डबा उघडला. एका पाकिटात दोन वेळच्या गोळ्या होत्या, दुसऱ्यात एका वेळची. पूर्ण कोर्स सहा वेळचा. तीन वेळच्या भरल्या, म्हणजे अर्धं काम झालं, आणि अर्ध्यात तर आपण सातदा उठलोय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. मेहुण्याने दोन केळी खाल्ली आणि म्हणाला, "दादा, तुम्हाला खरंच दवाखाना काढायला हवा." पुढच्या सकाळी फाट्यावर एक छोटं आरोग्य केंद्र लागलं. वैद्याने ट्रक हळू केला. बाहेर पंधरा-वीस माणसं बसलेली दिसली. अर्धा दिवस गेला असता. त्याने मेहुण्याकडे पाहिलं, मेहुणा बरा दिसत होता, आणि वैद्याने गिअर टाकला.

तो एक गिअर त्याला आजही विसरता येत नाही.

चार दिवसांनी सकाळी मेहुणा उठला तो डोळे पिवळे घेऊन. लघवीला गेला, परत येऊन म्हणाला, "चहासारखी होतेय." वैद्याने ऐकलं न ऐकलंसं केलं. दहा वाजेपर्यंत अंग तव्यासारखं तापलं. मग मेहुण्याने समोरच्या मोकळ्या रस्त्याकडे बोट दाखवून विचारलं, "टँकर कुठे लावू? बायका हंडे घेऊन थांबल्यात."

"पाहुणे, टँकर नाही हा. ट्रक आहे."

"हो हो. पण पाणी सांडतंय ना."

तेव्हा वैद्य घाबरला. त्याने डबा उघडला, गोळ्या मांडीवर ओतल्या. पांढऱ्या, पिवळ्या, काहींची तारीख गेलेली, काहींवरचं नाव पुसलेलं. कुणाची कुठली, कशाची किती, देवाला ठाऊक! बावीस वर्षं ज्याला तो औषध म्हणत होता त्यातलं काहीही त्याला ओळखता येईना. त्याने सगळं खिडकीतून भिरकावलं आणि ट्रक पळवला.

मोठं इस्पितळ पाच तासांवर. पाच तास तो बोलत होता. "पाहुणे, झोपू नका. पाहुणे, धाकटीने काय सांगितलंय? पोराच्या शाळेचं काय ठरलं?" पहिला तासभर काहीबाही उत्तरं आली. मग नुसतं हुं. मग तेही नाही. तो डावा हात मेहुण्याच्या छातीवर ठेवी, वरखाली होतेय का बघे, पुन्हा गिअरवर हात नेई. हे आपल्या हातून झालं, हे आपल्या हातून झालं, एवढंच डोक्यात चाललं होतं. बहिणीला काय तोंड दाखवू, हे त्याच्या मागोमाग.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं, सलाईन लावली आणि वैद्याला बाजूला घेतलं. "आधी कुठलं औषध दिलंत? किती? कधी?"

पूर्ण कोर्स दिला, असं म्हणायला त्याची जीभ वळवळली होती. पण उघड्या दारातून मेहुण्याचे पाय दिसत होते, नुसते पडलेले. "तीन वेळचं दिलं," तो म्हणाला. "ताप उतरला म्हणून थांबलो. आधीची आठवड्याची गोळीही मीच बंद करायला लावली."

"ताप उतरला म्हणजे रोग गेला, असं कोण म्हणालं तुम्हाला? रक्तात उरलेले जंतू पुन्हा वाढले. आता मेंदूपर्यंत गेलंय."

"बाई, पण मी सातदा असाच बरा झालो."

"तुम्ही वर्षानुवर्षं ह्याच वाटेवर आहात. शरीराला थोडी ओळख झाली असेल, आणि बाकीचं नशीब. ह्यांचं शरीर कोरं होतं. तुमचं नशीब त्यांना कसं लागू पडेल?"

वैद्याने बाहेर येऊन बहिणीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहीण बसने आली. मेहुणा अजून बेशुद्ध होता. ती काचेतून नवऱ्याला बघून आली आणि बाकड्यावर भावाशेजारी बसली. रडली नाही. वैद्याने रात्रभर शब्द जुळवले होते, ते सगळे उडाले.

"धाकटे," तो म्हणाला, "त्यांची गोळी मी बंद केली. वाटेत दवाखाना लागला होता, थांबलो नाही. मला वाटेल ते बोल. मार हवं तर."

बहिणीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "गोळीचं मला ठाऊक होतं, दादा. त्यांनी त्याच दिवशी फोन केला होता. म्हणाले, दादा बंद कर म्हणतायत, मला भीती वाटते, तू सांग. मी त्यांनाच हसले. म्हटलं, दादा सांगतोय ना, मग कसली भीती? आमच्या दादाला सगळं कळतं."

तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. वैद्याने दोन्ही हातांनी बाकड्याची कड धरून ठेवली.

तासाभराने नर्स बाहेर आली. "डोळे उघडलेत. नाव विचारलं, बरोबर सांगितलं. या, पण जास्त बोलायला लावू नका."

बहीण उठून धावली. दाराशी थांबून मागे वळली. "दादा, चल ना!"

"तू हो पुढे," वैद्य म्हणाला.

तो बाकड्यावरून उठला नाही. मेहुणा त्याला बघून पुन्हा भाबडेपणाने विचारेल, दादा, आता काय करू? त्याचीच त्याला भीती वाटत होती.