पहिली पिसं झडल्यावर

खून, दरोडे, जाळपोळ, नोकरीत सगळं पाहिलं आणि बरंचसं विसरलोही. पण शिरूर कासारजवळच्या एका वस्तीवरची ती काळी पाखरं काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

एका सकाळी ठाण्यात एक म्हातारा आला. धोतर स्वच्छ, आवाज शांत. "नात दिसत न्हाई सायेब," एवढंच म्हणाला. नात वर्षाची व्हायची होती. मुलगा ऊसतोडीची टोळी घेऊन बाहेरगावी गेलेला. घरात म्हातारा, सून आणि ते लेकरू. मूल अल्पवयीन, म्हणून अपहरणाचा गुन्हा दाखल केला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि जीप काढली.

म्हातारा प्रदर्शनात मांडण्यासाठी काळ्या कोंबड्यांची पैदास करायचा. भिंतीवर बक्षिसांचे कप मांडलेले. आम्ही आवारात शिरलो तशा खुराड्यांतल्या सगळ्या कोंबड्यांनी एकदम माना वळवल्या. कुळकुळीत काळ्या, एक झाकावी आणि दुसरी काढावी अशा. एकही ओरडली नाही. माझा हवालदार मयताजवळ बसून डबा खाणारा गडी, तोही दारातच थबकला.

गावातल्या आमच्या खबऱ्याने मला बाजूला घेतलं. "मागच्या बाभळीखाली उकरा सायेब. म्हातारा तितं काहीबाही पुरत ऱ्हातो."

पंच बोलावले आणि उकरायला लावलं. मातीतून कोंबड्या निघू लागल्या, सगळ्यांच्या माना पिरगळलेल्या. प्रत्येकीच्या अंगावर कुठे ना कुठे एखादं पांढरं पीस होतं. लेकरू मात्र नव्हतं. पंचनामा करून म्हाताऱ्याला ओट्यावर बसवलं.

"हे काय आहे?"

"डागी पाखरं हायती," तो म्हणाला. त्याच्या मांडीवर एक कोंबडी होती. बोलता बोलता तो तिच्या पाठीवर फुंकर मारायचा, पिसं दुभंगायची आणि तो मुळाशी बघायचा. "पिल्लू निघतं तवा पोटाखाली पांढुरकं असतंच. तवा घाई करायची न्हाई. पहिली पिसं झडू द्यायची. दुसरी काळी आली तर ठिवायचं. पांढरी आली तर मंग काय, वाण बाटतो."

"मग विकून टाकायची. नाहीतर खायची."

"विकली आन् कुणी तिची अंडी बसवली, तर माझ्या वाणाचं नाव गेलं ना! आन् खायाला मन न्हाई होत सायेब. जीव लावलेला असतो."

हे सगळं पंचांसमोर लिहून घेतलं. पण त्यावरून माणसाला अटक करता येत नाही.

सुनेची चौकशी आमच्या महिला हवालदाराने केली. थोड्या वेळाने ती बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "साहेब, बाई लेकराचं काहीच विचारत नाही. आता जावळ होणार नाही ना, हेच दोनदा विचारलं."

चौकशीत एक गोष्ट शिकलो होतो. माणसाला कशाची भीती आहे ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. मी आत गेलो. "जावळाला का भ्यालीस, बाई?"

तिने आधी दार लोटून घेतलं. मग बोलायला लागली. पोरीला जन्मतःच कपाळावर पांढऱ्या केसांची बट होती. सासरा वाईट शब्द कधी बोलला नाही. रोज सकाळी नातीला मांडीवर घ्यायचा, त्या बटेवर फुंकर मारायचा आणि मुळाशी बघायचा.

"म्या इचारलं, मामा, कावून बघताय? तर म्हणले, जावळ होऊ दी. पहिले केस गेल्यावर बघू." तिने डोक्यावरचा पदर मागे सारला. कपाळावरच्या काळ्या बटेची मुळं पांढरीफेक होती. लग्नाच्या आधीपासून ती कलप लावत होती. "माजे जल्मात गेले न्हाईत सायेब. तिचे कसे जातील? आन् बाभळीखालचं म्या रोज बघते."

पोर तिनेच दडवली होती, ती कपिलधारच्या देवळापाशी सापडली. सुनेची मावशी तिथे नारळ-बेलाचं दुकान मांडायची. तिच्या गल्ल्याशेजारी पोर करवंटी चोखत बसली होती. पोटच्या पोराच्या वेळी झाला नसेल एवढा आनंद मला तेव्हा झाला.

म्हाताऱ्याला सरळच विचारलं, "केस पांढरे आले असते तर काय करणार होतास?"

त्याला नवल वाटलं. "नात हाय ती माजी." मग जरा थांबून म्हणाला, "पर जावळ तर होऊ द्या."

लावायला कलम नव्हतं. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून कोर्टाला 'क' समरीचा अहवाल पाठवला आणि प्रकरण बंद केलं. मुलाला मात्र बोलावून सगळं स्पष्ट सांगितलं. त्याने बीडला खोली घेतली आणि बायको-मुलीला तिकडे नेलं. अधूनमधून तो मला त्यांची खुशाली कळवायचा.

पुढच्या उन्हाळ्यात म्हातारा पुन्हा ठाण्यात आला. बसलासुद्धा नाही. "जावळ झालं म्हनं. केस कसे आले?"

"पांढरेच आले."

तो चिडला नाही. मान हलवली. "मंग ऱ्हाऊ द्या तिकडंच." आणि गेला. पोर चालते का, बोलते का, काही विचारलं नाही.

नोकरीभर मी रागीट माणसांवर नजर ठेवत आलो. वाट बघणाऱ्या शांत माणसाला भ्यावं, हे या प्रकरणाने शिकवलं. त्याने खरंच काही केलं असतं का, ते मला आजही माहीत नाही. ते कळायची वेळ त्या बाईने येऊ दिली नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

परवा माझी नात माझ्या मांडीवर झोपली होती. उकाड्याने केस कपाळाला चिकटले होते. बायको वाकली आणि तिने मायेने त्यांवर फुंकर घातली. मी एवढ्या जोरात ओरडलो की पोर दचकून रडायला लागली.