चौथं बोट

काल अमरावतीच्या स्टँडवर दोन पोरी बोटांचा खेळ खेळत होत्या. समोरचीच्या हाताला हात लावला की आपली बोटं तिच्या बोटांत मिळवायची, आणि पाच भरली की तो हात बाद. मला अकोल्याची ती दुपार आठवली. ताईला पाहायला पाहुणे आले होते. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं कडबा कापायच्या मशीनमध्ये गेली होती, म्हणून आईनं तिला हात पदराखाली ठेवायला बजावलं होतं. खोलीत पोह्यांचा आणि कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास भरला होता. मोठ्यांचं बोलणं लांबलं, तशी मुलाची लहान भाची कंटाळून ताईपुढं येऊन बसली. "माह्यासंग खेळते का?" ताईनं क्षणभर तिच्याकडं पाहिलं आणि दोन्ही हात बाहेर काढले. दोघी हसत खेळत होत्या, तोच ताईवर उजव्या हाताची चार बोटं दाखवायची पाळी आली. "चार दाखव ना, तीनच काऊन दाखवून राहिली?" पोरगी मोठ्यानं म्हणाली आणि सगळ्यांच्या नजरा ताईच्या हाताकडं वळल्या. पाहुणे चहा न घेताच उठले. आई ताईवर ओरडली, "घंटाभर हात झाकला असता तं मेली असती का तू?" ताई म्हणाली, "मंग जन्मभर झाकू का?" पुढच्या वर्षी तिला तिवशाच्या एका बिजवराला दिलं. त्याला त्याची दोन लेकरं सांभाळायला बाई हवी होती. हाताचं त्यानं विचारलंही नाही. त्या पाहुण्यांवरचा माझा राग केव्हाच गेला. आईवरचा, ती जाऊनही, गेलेला नाही.