घरसभेत वाचलेला उतारा

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला, बाबा कामाला होते तो कारखाना बंद पडला, त्याच वर्षी आमच्या घरसभेत बायबलमधली प्रेषितांची पत्रं वाचायला घेतली होती. दर बुधवारी चर्चच्या मंडळीतली माणसं कुणाच्या तरी घरी जमायची. एक उतारा वाचायचा, पाळकांनी अर्थ सांगायचा, मग चहा-पोहे.

त्या बुधवारी सभा आमच्याकडे होती. उतारा आळशी लोकांबद्दलचा. काम न करणाऱ्यानं जेवूही नये, अशा अर्थाचा. पाळक तरुण, नुकतेच आलेले. मंडळी म्हणजे कुटुंब, इथे दुसऱ्याच्या जिवावर जगणं पाप आहे, असं ते मनापासून समजावत होते. बाबांचं त्यांना माहीतच नव्हतं. बाकी सगळ्यांना होतं. सगळे पुस्तकात डोकं घालून बसले.

आईनं पोह्यांच्या बशा फिरवल्या. बाबांनी हातानंच नको म्हटलं.

पुढे ते घरीही कमी जेवू लागले. आई वाढायला गेली की ताटावर हात आडवा धरायचे. नोकरीसाठी रोज वणवण चालूच होती. सगळीकडे आधी वय विचारायचे.

मी त्या उताऱ्याची दोन-तीन भाषांतरं, टिपा काढून बसले. मूळ ग्रीकमध्ये शब्द इच्छेचा आहे. ज्याला काम करायचंच नाही, तो. ज्याला मिळत नाही, तो नव्हे. बाबा गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तिथेच धावत जाऊन सांगितलं.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी बघितलं मी."

"मग नीट जेवत का नाही?"

"पत्राचं काही नाही गं. इतकी वर्षं एकत्र भाकर मोडली आम्ही. एकानं तरी म्हणायचं ना, पाळकसाहेब, हे यांना लागू नाही म्हणून."

 ते बादली उचलून आत गेले.

पाळकांच्या कानावर मी घातलं, तसे ते घरी आले. "काका, माझं चुकलं. मला कल्पना नव्हती."

"तुम्ही वचनच सांगितलंत," बाबा म्हणाले आणि त्यांना खुर्ची दिली. घरसभेला मात्र पुन्हा गेले नाहीत.

नंतर मढला शूटिंगच्या एका बंगल्यावर वॉचमनचं काम लागलं. रविवारी सुट्टी नसते, त्यामुळे चर्चही सुटलं. आई एकटीच जाते. कुणी विचारलं तर सांगते, "कामावर गेलेत."