दुसऱ्या गिअरचा जोगवा

देवाधर्माच्या बाबतीत मी कधी फार पुढे नव्हतो. सकाळी जीप सुरू करण्याआधी स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावायचा, बाजाराच्या दिवशी बॉनेटवरून उदबत्ती ओवाळायची, एवढीच माझी भक्ती. बाकी सगळा भरवसा पान्यावर आणि स्वतःच्या कानांवर. कुठल्या गाडीत काय बिघडलंय ते मला नुसत्या आवाजावरून कळतं, असा माझा तोरा होता आणि पुसदच्या स्टँडवर तो मी मिरवतही असे. पण त्या वर्षी माझ्या जीपचा दुसरा गिअर सुटायला लागला, त्याच सुमारास आईची दृष्टी जायला लागली, आणि या दोन्हींपुढे माझ्या कानांचं काही चालेना.

जीप जुनी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्यांपैकी एक, बरेच हात फिरून माझ्याकडे आलेली. साठ सालानंतरची ही गोष्ट. पुसदहून उमरखेडकडे, महागावकडे, एसटी जात नाही अशा गावांना मी ती भाड्याने चालवायचो. गिअर सुटणं म्हणजे काय, ते गाडी न चालवणाऱ्यांसाठी सांगतो. चढावर दुसरा गिअर टाकावा, इंजिनाने जोर घ्यावा, आणि ऐन चढात दांडा आपोआप उडून मधल्या जागी यावा. मग इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी मागे घसरू लागते. आत बसलेल्या बाया किंचाळतात, आणि ज्याला देव माहीत नाही त्याच्याही तोंडून देवाचं नाव निघतं. पहिल्या गिअरात चढावं तर इंजिन तापून पाणी उकळतं. तिसरा चढाला पेलत नाही. थोडक्यात, दुसऱ्या गिअराशिवाय आमच्या भागातल्या टेकड्या ओलांडणं अवघडच.

करीममिस्त्रीकडे मी ती कितीदा नेली असेन. त्याने गिअरबॉक्स उघडला, आतल्या गोळ्या आणि स्प्रिंगा बदलल्या, तेल बदललं, इंजिनाचे नटबोल्ट आवळले. मग स्वतः चालवून पाहिली. त्याच्यासमोर गिअर कधी म्हणजे कधीच सुटला नाही. दोन दिवसांनी मी परत दारात हजर. शेवटी तो वैतागून म्हणाला, "मेरे सामने तो गाय जैसी चलती है. तुझा दुसरा गिअर नाही, तुझं डोकं सुटून राह्यलं." मला राग आला, पण बोलणार काय? त्याच्या हातात गाडी सरळ चालायची आणि माझ्या हातात रुसायची, हे मी डोळ्यांनी पाहत होतो. लोक म्हणत, गाडीला नजर लागली. मी हसून सोडून द्यायचो आणि चढावर एका हाताने दांडा पुढे दाबून धरायचो. हात भरून यायचा, तरी गिअर सुटायचाच.

इकडे घरात आई भिंतीला हात लावून चालायला लागली होती. यवतमाळच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेलीही फार दिवस राहणार नाही, असं त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. आईला ते मी सांगितलं नाही, पण तिला कळलं होतं. तिला फक्त समोरचं थोडंसं दिसायचं, तेही लख्ख उन्हात. दिवस कलला की तिच्यापुरती रात्र व्हायची. एका सकाळी मी दात घासत असताना ती शेजारी येऊन म्हणाली, "बाबू, नजर हाये तोवर माहूरले ने. रेणुकामायचं तोंड एकडाव पाहून घेतो. मंग गेली त गेली." आईने माझ्याकडे आयुष्यात फार थोड्या गोष्टी मागितल्या होत्या. मी होकार दिला, आणि मनातून मला त्या रस्त्यावरचे चढ दिसायला लागले.

चैत्रातला मंगळवार होता. बायकोने दशम्या आणि चटणी बांधून दिली, आईने देवीच्या ओटीचं सामान आणि शिध्याचं ज्वारीचं पीठ एका पिशवीत घेतलं, आणि आम्ही दोघंच उजाडताच निघालो. दुपारी ऊन डोक्यावर आहे तोवर गडावर पोचायचं, एवढा एकच हिशेब मी केला होता. उशीर झाला तर समईच्या उजेडात आईला देवी दिसणार नव्हती, आणि पुन्हा आणेपर्यंत नजर राहील याची खात्री नव्हती. महागावपर्यंत ठीक गेलं. फुलसावंगी मागे पडली आणि टेकड्या सुरू झाल्या.

पहिल्याच मोठ्या चढावर गिअर सुटला. पुन्हा टाकला, पुन्हा सुटला. पहिल्या गिअरात रेटली तर थोड्या वेळात बॉनेटखालून वाफ निघाली. थांबलो, गाडी निववली, पाणी घातलं, पुन्हा थोडं चढलो, पुन्हा तेच. असं करत अर्धा चढही झाला नाही आणि सोबत घेतलेलं पाणी संपत आलं. वर पाहिलं तर ऊन माथ्यावर आलेलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी एका कडुलिंबाखाली गाडी उभी केली, मागच्या चाकांना दगड लावले आणि बॉनेट उघडून उगीच आत बघत बसलो. आई शांत होती. ती काही बोलली असती, चिडली असती, तर बरं वाटलं असतं. ती फक्त अधूनमधून विचारायची, "ऊन हाये न रे अजून?" मी म्हणायचो, हाये. आणि पुन्हा बॉनेटखाली डोकं घालायचो. असली कसली देवी, जी बोलावते आणि अर्ध्या वाटेवर अडवते, असं मी मनात म्हणालो. खरं तर त्याहून वाईट म्हणालो, ते इथे लिहीत नाही.

तेवढ्यात खालच्या वळणावरून एक म्हातारी बाई चढून येताना दिसली. अनवाणी, कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. देवीच्या नावाने जोगवा मागणारी. जीपपाशी आली आणि म्हणाली, "उदो, माय. जोगवा."

आईचा चेहरा एकदम उजळला. तिने बाईशी लगेच बोलणं लावलं. कुठून निघालो, डोळ्यांचं काय झालं, गाडी कशी अडली, उन्हात का पोचायचं आहे, सगळं सांगून टाकलं. बाई गडावरच चालली होती. आई म्हणाली, गाडी सुरू झाली की तू पण बस. तर ती म्हणाली, नाही, तिला पायीच जावं लागतं. मला या गप्पांचा संताप येत होता. इथे माझा जीव टांगणीला आणि या दोघींचं सुखदुःख चाललेलं. आईने चाचपत पिठाची पिशवी उघडली, ओंजळ भरली आणि पुढे केली.

"पीठ नको बाई, माही परडी भरली," म्हातारी म्हणाली आणि जीपमध्ये वाकून बोट दाखवलं. "थे पोतं दे. भुई तापली. टेकाले व्हईल."

गिअरच्या दांड्यापाशी तळाचा पत्रा फाटला होता. तिथून इंजिनाची गरम हवा आणि रस्त्याची धूळ सरळ पायांवर यायची, म्हणून गेल्या दसऱ्यापासून मी तिथे एका पोत्याची घडी ठासून कोंबली होती. तेच पोतं तिला हवं होतं. मी म्हणालो, आजी, ते नाही देता येत, ते काढलं तर पाय भाजतील. दुसरं काहीही माग. ती जागची हलली नाही. आई मात्र माझ्या दिशेने वळून कडक आवाजात म्हणाली, "दे तिले. जोगवा मांगणारीनं काय मांगाचं, थे आपून नाही ठरवत."

मी तणतणत पोतं ओढलं. ते इतकं घट्ट बसलं होतं की दोन्ही हातांनी हिसके देऊन काढावं लागलं. म्हातारीने ते झटकलं, कपाळाला लावलं आणि कडुलिंबाखाली अंथरून त्यावर बसली. मी रेडिएटरमध्ये उरलंसुरलं पाणी ओतलं, चाकांचे दगड काढले आणि गाडी सुरू केली. निघताना ती म्हणाली, "जाय बाबू. उजेडी पोचशीन." आईने तिला सगळं सांगितलेलं होतं, त्यामुळे तिला हे कसं कळलं असं मी म्हणत नाही. ती म्हणाली, एवढंच सांगतो.

पहिल्या गिअरात गाडी उचलली आणि सवयीने दुसरा टाकला. दांडा पुढे गेला आणि खाली 'टक्' असा आवाज झाला. हा आवाज मी करीममिस्त्रीच्या दारात ऐकला होता, माझ्या हातून कित्येक महिन्यांत झाला नव्हता. मी दांडा दाबून धरला होता आणि आता सुटेल, आता सुटेल म्हणून वाट पाहत होतो. वळण गेलं. दुसरं वळण गेलं. चढ आणखी उभा झाला, इंजिन कुंथलं, पण गिअर जागचा हलला नाही. फाटक्या पत्र्यातून गरम हवा पिंढऱ्यांना चटके देत होती. माथ्यावर पोचलो तेव्हा मी भीतभीत दांड्यावरचा हात काढला. काही झालं नाही. गाडी शहाण्यासारखी चालत राहिली. आई मागून म्हणाली, "झालं काय रे चांगली?" मी दांड्याकडे पाहत गाडी पुढे काढली.

पैनगंगेच्या उथळ पात्रात पाणी भरायला थांबलो, तेव्हा मी खाली वाकून त्या रिकाम्या जागेत हात घातला आणि सगळा उलगडा झाला. या जीपचा दुसरा गिअर दांडा पुढे ढकलून पडतो. पोतं नेमकं दांड्याच्या पुढे ठासलेलं होतं. दांड्याला शेवटची बोटभर जागाच मिळत नव्हती. गिअर पडल्यासारखा वाटायचा, पण पुरता पडायचा नाही, आणि जोर आला की उडायचा. मिस्त्रीला गिअरबॉक्स उघडायला तळाचा पत्रा काढावा लागे, त्याआधी पोतं निघे, आणि पोत्याशिवाय चालवली की गाडी ठणठणीत. गाडी ताब्यात मिळाली की मी ते पुन्हा आधीपेक्षा घट्ट कोंबायचो. चढावर दांडा दाबत होतो, तो पोत्यावरच दाबत होतो. बिघाड गाडीत नव्हता. माझ्या पायांना चटका लागू नये म्हणून मीच तो तिथे ठेवला होता.

हे सगळं यंत्राचं झालं, आणि ते कोणालाही समजावून सांगता येईल. पण त्या पाण्यात उभा असताना माझ्या अंगावर काटा आला, तो वेगळ्याच गोष्टीने. त्या जीपमध्ये पीठ होतं, दशम्या होत्या, ओटीचा खण होता, आईच्या अंगावर शाल होती. एवढ्या सगळ्यांतून त्या म्हातारीने तेच एक मागितलं. तिने पीठ घेतलं असतं तर आम्ही अजून त्या लिंबाखाली असतो. आईने मला दटावलं नसतं तरी तिथेच असतो. मी तोंडावर पाणी मारलं आणि किती तरी वेळ मला हुंदके आवरेनात. आईला वाटलं, मी अजून तोंड धुतोय.

गडावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं होतं. आईला धरून पायऱ्या चढवल्या. गाभाऱ्यापाशी पुजाऱ्यांना डोळ्यांचं सांगितलं, तर ते उजेड अडू नये म्हणून स्वतः बाजूला सरले. शेंदराने माखलेलं ते भलंमोठं मुख, कपाळावर मळवट, मुखात विडा. आई मान थोडी इकडे, थोडी तिकडे वळवत होती. एवढ्याशा उरलेल्या नजरेत ते मुख तुकड्यातुकड्याने साठवून घेत होती. तिचे ओठ हलत नव्हते. मी आयुष्यात पहिल्यांदा काही न मागता हात जोडून उभा होतो. मग आईने माझं मनगट धरलं आणि हळूच विचारलं, "मघाची थे बाई अशीच होती काय रे? मले बराबर नाही दिसली. तू त पाह्यली."

मी आठवू लागलो. कवड्यांची माळ आठवली, परडी आठवली, पोत्याकडे रोखलेलं बोट आठवलं. चेहरा आठवेना. मी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं. माझी नजर सगळा वेळ त्या पोत्यावर होती.

परतताना कडुलिंबाखाली थांबलो. म्हातारी नव्हती, पोतंही नव्हतं. पायी जाणारी माणसं शेतांमधून आडवाटेने जातात, तशी ती गेली असेल. पुजाऱ्यांनी प्रसाद म्हणून दिलेला कुटलेल्या विड्याचा तांबूल आईने चिमूटभर त्या झाडाच्या बुंध्याशी ठेवला आणि आम्ही निघालो.

दिवाळीच्या आत आईची नजर पूर्ण गेली. त्याचं तिने कधी दुःख केलं नाही. शेवटपर्यंत ती देवीचं मुख मला वर्णन करून सांगायची, जसं काही मी तिथे नव्हतोच, आणि एका अर्थी तिचं खरंच होतं, लिंबाखालच्या त्या तोंडाकडे मी पाहिलंच नव्हतं. जीप पुढे बरीच वर्षं चालवली. तो फाटका पत्रा मी तसाच ठेवला. उन्हाळ्यात पाय भाजायचे आणि दुसरा गिअर टक् करून पडायचा. घट्ट धरून ठेवलेलं मागायला कोणी दारात येतं, ही केवढी कृपा असते, ते मला त्या दिवशी कळलं. आता दारात कोणीही आलं, की मी आधी त्याच्या तोंडाकडे नीट पाहतो. आई असती आणि तिने पुन्हा तसंच विचारलं असतं, तर या वेळी सांगता आलं असतं, असं वाटत राहतं.