पावसाळ्यातलं वजन

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, कारण तिच्यात माझी बाजू चांगली नाही.

पालघरजवळच्या माहीमच्या किनाऱ्यावर आमची संस्था कोळ्यांच्या लहान मुलांना रोज खिचडी द्यायची. तिचा उपयोग किती होतो, हे पाहायला मुंबईच्या कॉलेजातल्या एक बाई दर महिन्याला येत. मासळी वाळत घातलेल्या अंगणात शिरताना त्या चपला काढत आणि मुलांना वजनकाट्याच्या झोळीत बसवून त्यांच्याशी गप्पा मारत.

"बाय, पोराला इकायला काढलाय काय?" कोळणी हसत विचारत.

"भाव काय द्याल?" बाई म्हणत.

हिवाळ्यात मुलांची वजनं वाढली. मी खूश झालो. बाई हळूच म्हणाल्या, "हे वजन तुमच्या खिचडीचं, की बोंबलांचं?"

पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असत आणि खिचडी रांधणाऱ्या मदतनीस बायका भातलावणीला जात, म्हणून आमचं खिचडीचं केंद्रही बंद असे. बाई भर पावसात एकट्या आल्या आणि घरोघर वजनं केली. मुलं वाळली होती.

"भाऊ, खिचडी खरी आत्ता हवी," त्या म्हणाल्या.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही केंद्र चालू ठेवलं. मुलांची वजनं टिकली, ते पाहून देणगीदारांनी शेजारच्या केळव्यालाही केंद्र दिलं. त्यांच्यासमोर सभेत मी ही कल्पना माझी म्हणून सांगितली. मागच्या रांगेत बसलेल्या बाईंनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

पुढे एकदा त्या पालघरच्या बाजारात भेटल्या. मी तब्येतीची चौकशी केली, चहाचा आग्रह केला. "बाई, ती कल्पना तुमची होती, मला माफ करा," एवढं मात्र तोंडातून निघालं नाही.