जितकं वजन, तितका मार

माझी मुलगी फोनवर राक्षसांच्या झुंजीचा एक खेळ खेळते. राक्षस म्हणजे पुराणातले नव्हेत. कुणी दगडी पाठीचा, कुणी अंगभर पानं फुटलेला, कुणी नुसताच उड्या मारणारा. प्रत्येकाची ताकद, स्वभाव आणि वजन तिथे लिहिलेलं असतं. दोघांनी आपापले राक्षस समोरासमोर आणायचे आणि आळीपाळीने वार करायचे. दुपारी आमच्या खानावळीतली शेवटची पंगत उठली, की मी तिच्या शेजारी टेकते आणि एक डाव खेळते. हरते. हरण्याचं मला काही नाही. पण त्यातल्या एका वाराने माझं डोकं पहिल्याच दिवशी फिरलं.

एक काटकुळा जीव येतो आणि समोरच्याच्या पायावर लाथ घालतो. समोरचा जितका वजनदार, तितका त्याला जास्त मार. हलक्याला तीच लाथ गुदगुल्या केल्यासारखी लागते. माझा दगडी राक्षस बिचारा एका लाथेत आडवा झाला.

"ह्यो खंयचो न्याय?" मी ओरडलेच. "तेना काय केल्यान कोणाचा?"

"आई, तो जड आसा ना! जड माणूस पडलो काय जास्त लागता."

"जड आसणा ह्यो काय गुन्हो?"

ती हसली आणि तिने मला तिचा राक्षस दाखवला. डोंगराएवढा, आखूड पायांचा, चेहऱ्याने अगदी गरीब. त्याचा वार उलटा होता. तो उंच उडी घ्यायचा आणि समोरच्याच्या अंगावर बसायचा. समोरच्यापेक्षा तो जितका जड, तितका त्याचा दणका मोठा. वर्गातल्या मैत्रिणींचे सगळे चपळ राक्षस तिने ह्याच्या बुडाखाली चेपले होते. ते बघून माझा राग जरा निवला. खेळ बनवणाऱ्यांनी वजनाचा तोटा ठेवला तसा फायदाही ठेवला होता.

आमच्या नातेवाइकांकडे मात्र एकच वार आहे, आणि तो लाथेचा. मुलगी अंगाने भरलेली आहे. ती पाण्याने भरलेला हंडा एका दमात विहिरीवरून आणते, समुद्रात तासभर पोहते, तिच्या वयाच्या पोरांना पंजा लढवण्यात लोळवते. ह्यातलं कुणाला काही दिसत नाही. शिरोड्याला लग्नाला गेलो, तर नवरी राहिली बाजूला आणि हिच्या दंडाची चौकशी सुरू. माणसं माझ्याच खानावळीत बसतात, माझ्याच हातची कोंबडी आणि वडे हाणतात आणि हात धुता धुता तिला विचारतात, "काय गो, उरला-सुरला सगळा तूच खातंस काय?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. वर पुन्हा म्हणतात, मस्करी केली. मस्करी करणाऱ्याला हसू आलं, एवढ्यावरून ती मस्करी ठरते का?

ह्या सगळ्यांत वरचढ माझे थोरले दीर. घरातले कर्ते पुरुष, वागायला तसे वाईट नाहीत, पण जिभेला हाड नाही. यंदा सासूबाईंनी नवसाचा विषय काढला, तेव्हा तेही होते. मुलगी जन्मली ती दिवस भरण्याआधी, एवढीशी. इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवलेली. मला तर कुशीतही घेऊ देत नव्हते. तेव्हा सासूबाईंनी ग्रामदेवाला नवस बोलला होता: पोरीच्या अंगावर वजन चढू दे, मी तिची गुळाने तुला करीन, तिच्या भारंभार गूळ तुझ्या पायाशी ठेवीन. वर्षं गेली, नवस राहून गेला. आता सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले होते, आणि डोळ्यांदेखत तो फिटावा असं त्यांना वाटत होतं.

दीर म्हणाले, "आता तुला? फोंडाघाटातसून खाली उतारता तितको सगळो गूळ लागतलो! तेच्यापेक्षा चेडवाक दोन म्हयने कमी जेवांदेत, मगे करूया."

सगळे हसले. मुलगीही हसली.

मग तिचं जेवण कमी होत गेलं. "शाळेत खाल्लंय." "पोट भरला." तिच्या पानातला भात कुत्र्याला जायला लागला. एका दुपारी आम्ही डाव मांडला, तर तिच्याकडे भलताच राक्षस. वाऱ्याने उडेल असला.

"तुझो मोठो खंय गेलो?"

"काढलंय तेका. सगळे तेकाच मारतत."

मी खेळायची थांबले. त्याच आठवड्यात शाळेत प्रार्थनेला उभी असताना ती चक्कर येऊन पडली. घरी आणून पेज पाजली, तर दोन घोट घेऊन वाटी बाजूला सारली. म्हणाली, "तुलेच्या आदी माका बारीक व्हवचा आसा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जे वजन ह्या घराने देवाकडे पदर पसरून मागितलं, त्याच वजनाची पोरीला लाज वाटावी? मी म्हटलं, तुला रद्द करा. सासूबाई म्हणाल्या, देवाचं देणं ठेवायचं नाही. मुलगीही म्हणाली, होऊ दे एकदाचं. माझं कोण ऐकतंय!

देवळाच्या मंडपात तराजू टांगला. एका पारड्यात ही, दुसऱ्यात गुळाच्या ढेपी. काटा सरळ झाला आणि दीर गाऱ्हाणं घालायला पुढे झाले. आमच्याकडे कर्ता माणूस देवाशी मोठ्याने बोलतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला होकार देतात.

"बा देवा महाराजा! आज ह्या चेडवाचो नवस फिटता हा, तो मान्य करून घे!"

"व्हय महाराजा!"

"काय चुकला-माकला आसात, तर पोटात घाल!"

"व्हय महाराजा!"

"आणि महाराजा, आता ह्येचा वजन जरा आटोक्यात आण, बरो घोव मेळांदे!"

"व्हय महाराजा!"

सगळं देऊळ ओरडलं. पारड्यात बसलेली माझी मुलगीही ओरडली. डोळे मिटून, हात जोडून, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. मी उभी राहिले.

"बा देवा महाराजा! चेडू एवढासा होता, तेव्हा ह्या घरान तुझ्याकडे तेचा वजन मागलला. तू दिलंस. आता दिलला परत घेव नको. माझ्या चेडवाक पोटभर जेवांदे, महाराजा!"

दीर गुरवाकडे बघायला लागले, गुरव देवाकडे. मग खांबाला टेकलेल्या सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "व्हय महाराजा!" त्यांच्यामागे दोघी-चौघी बायका म्हणाल्या, आणि मग सवयीने पुरुषही. मी मुलीच्या ओठांकडे बघत होते. ते हलले नाहीत.

ती पारड्यातून उतरली. गुरवाने ढेपेचा एक खडा फोडून तिच्या हातावर ठेवला. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दिरांकडे. तो खडा तोंडात टाकला आणि त्यांच्यावरची नजर न काढता सावकाश चावून संपवला. मग तिने गुरवापुढे पुन्हा हात पसरला.